पावलांनी शिकावयाची लय

उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक यांजकरिता पाठ

वाचावयाची वचने: १ इतिहास २५:१-८, स्तोत्र १५०, १ करिंथ १४:७-१५ व ४०.



उपासनेत गायन बिघडले म्हणजे आपण बहुधा सुराला दोष देतो. अमक्याचा गळा बसला आहे, तमकीचा सूर फार उंच लागतो, पेटी जुनी झाली आहे, असे आपण म्हणतो. परंतु थोडे लक्ष देऊन ऐकावे. पुढे बसलेल्या भगिनी कडवे संपवितात, तेव्हा मागचे पुरुष अजून शेवटच्या ओळीच्या मध्यावर असतात. तबला वाजविणारा तरुण दोहोंच्या मध्ये सापडून कधी इकडे धावतो, कधी तिकडे थांबतो. मुलांस कोणाबरोबर जावे हे कळत नाही, म्हणून ती गप्प बसतात. येथे सुरापूर्वी लय गेली आहे. आणि ज्या मंडळीत लय गेली तेथे चांगला गळाही कामास येत नाही.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी व चाकण या पट्ट्यातील आपल्या लहान मंडळ्यांत ही अडचण विशेष आहे, आणि तिचे कारण उघड आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे एकामागून एक कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. त्यानंतर चाकणची माळरानेही कारखान्यांनी भरून गेली. कामाच्या शोधात अहिल्यानगर, जालना, बीड, सोलापूर अशा अनेक जिल्ह्यांतून आपली कुटुंबे येथे आली. प्रत्येक कुटुंबाने आपली गीते आणली, आणि गीताबरोबर आपल्या गावची चालही आणली. एकच गीत एका गावी संथ म्हणतात, दुसऱ्या गावी उडते म्हणतात. ही सर्व कुटुंबे एका भाड्याच्या खोलीत उपासनेस जमली म्हणजे गीताचे शब्द एक असतात, पण चाल चौघांची चार असते.

मोठ्यांची सवय मोडणे कठीण आहे. मुलांस शिकविणे सोपे आहे. हा पाठ म्हणूनच मुलांकरिता आहे: सहा ते बारा वर्षांच्या मुलांस लय कशी शिकवावी, तीही वाद्यावाचून व पुस्तकावाचून, केवळ चालण्याने, टाळीने व अंगाच्या हालचालीने.

१. लय कोठे राहते

काळाचे अंतर सारखे राखून चालणे ही लय होय. त्या चालण्याला गणती घातली म्हणजे ताल होतो. सूर कानाने कळतो. लय प्रथम अंगाने कळते. देवाने मनुष्याच्या छातीत ठोका व नाकपुड्यांत श्वास घातला, तेव्हाच लयीचे बी त्याच्या देहात पेरले. बोलता न येणारे मूलही पाठीवर आईची थापटी सारखी पडत राहिली म्हणजे झोपी जाते, आणि थापटी चुकली की डोळे उघडते. ज्याला लय मुळीच नाही असे मूल आम्ही पाहिले नाही. ज्याची लय कोणी जागी केली नाही अशी मुले मात्र पुष्कळ पाहिली आहेत.

पूर्वी ती जागी करण्याचे काम खेड्यातील श्रम करीत असत. पहाटे आई जात्यावर बसे, तिच्या मांडीवर मूल असे. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी फिरे आणि मुलाचे अंगही फिरे. उखळात दोन मुसळे आळीपाळीने पडत. एकीची वेळ चुकली तर मुसळावर मुसळ आदळे. मोटेवर, मळणीवर, कापणीच्या पाथीवर सर्वांचे हात एका चालीने चालत. तेथे कोणी शिक्षक नव्हता, तरी लयीची शाळा दिवसभर भरलेली असे. आता जाते गेले, मुसळ गेले, मोट गेली. पिठाची गिरणी व विजेचा पंप आला. आमच्या भगिनींची पाठ मोडणारे श्रम कमी झाले, याबद्दल देवाचे उपकार मानावेत. परंतु आजोबांना जे न मागता मिळाले, ते नातवाला आता बुद्ध्या शिकवावे लागेल, हेही जाणावे.

२. पवित्र शास्त्र काय दाखविते

इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून पार झाले तेव्हा मिर्यामेने डफ हाती घेतला व सर्व स्त्रिया डफ घेऊन नाचत तिच्यामागे निघाल्या (निर्गम १५:२०). स्तोत्रकर्ता सर्व राष्ट्रांस टाळ्या वाजविण्यास सांगतो (स्तोत्र ४७:१), आणि शेवटच्या स्तोत्रात देवाच्या स्तुतीसाठी वाद्यांच्या जोडीला नृत्याचेही नाव घेतो (स्तोत्र १५०:४). दाविदाने कोशापुढे अंगातील सर्व बळाने नृत्य केले (२ शमुवेल ६:१४). त्याच शास्त्रात सोन्याच्या वासराभोवतीचे नृत्यही सांगितले आहे, व त्याविषयी मोशेचा कोपही सांगितला आहे (निर्गम ३२:१९). यावरून असे दिसते की, हातपाय हलविणे हे स्वतः पुण्य नाही व पापही नाही. ते कोणापुढे व कशासाठी, यावर सर्व अवलंबून आहे.

या पाठास अधिक जवळचे वचन १ इतिहास २५ यात आहे. मंदिरातील गायनसेवेसाठी शिकून तयार झालेले दोनशे अठ्ठ्याऐंशी जण होते. हेमानाचे पुत्र आपल्या बापाच्या हाताखाली गात असत. पाळ्या ठरविताना लहान व थोर, गुरू व शिष्य, अशा सर्वांनी सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या. म्हणजे देवाच्या घरात गायन हे शिकावयाचे काम होते, व त्यात शिष्याची गणना गुरूबरोबर होत असे. आपण मात्र मुलांस म्हणतो, "मोठे गातात, तुम्ही हलू नका." ज्याला हलू दिले नाही त्याला पुढे ताल येत नाही, म्हणून आपण रागावतो, यात दोष मुलाचा नव्हे.

पौलही करिंथकरांस वाद्यांचा दृष्टांत देतो: पावा किंवा वीणा यांच्या नादांत भेद नसेल तर काय वाजविले हे कोणास कळेल? (१ करिंथ १४:७). पुढे तो आत्म्याने गाणे व बुद्धीने गाणे अशी दोन्ही मागतो, आणि सर्व काही शिस्तवार व्हावे असे सांगतो. लय ही गायनातील शिस्त आहे. परंतु ती छडीची शिस्त नव्हे, ती सोबतीची शिस्त आहे.

३. आपल्या शेजारी व दूरदेशी

या पट्ट्याला एका अंगास देहू व दुसऱ्या अंगास आळंदी आहे. ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात तुकारामांची पालखी देहूहून निघते व आकुर्डीस मुक्काम करून पिंपरीवरून पुण्यास जाते. रस्त्याच्या कडेला उभे राहून दिंडी पाहिली नाही असा मनुष्य आपल्यात क्वचितच असेल. त्या लोकांच्या व आपल्या उपासनेत जे अंतर आहे ते आम्ही झाकीत नाही. परंतु लय शिकविण्याची त्यांची रीत पाहावी. टाळकरी ओळींनी समोरासमोर उभे असतात, मध्ये मृदंगी असतो. गळ्यात दोरीने टाळ अडकविलेला दहा वर्षांचा मुलगा दोन मोठ्या टाळकऱ्यांच्या मध्ये उभा राहतो. त्याच्या हाती कोणी पुस्तक देत नाही. सर्वांचे पाऊल पुढे पडते तेव्हा त्याचेही पडते, सर्व वाकतात तेव्हा तोही वाकतो. यास पावली म्हणतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्याच्या टाचेत बसतात, त्या मागाहून टाळात उतरतात व शेवटी गळ्यात येतात. आळंदीस विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे मुले कीर्तनाबरोबर गायन व मृदंगही शिकतात. परंतु संस्थेत येण्यापूर्वीच पुष्कळांच्या पायांनी अर्धा धडा घेतलेला असतो.

हीच गोष्ट युरोपात एका संगीतशिक्षकाच्या ध्यानात आली. एमिल जाक-दालक्रोझ (१८६५-१९५०) हे जिनिव्हा येथील संगीतशाळेत १८९२ पासून शिकवीत होते. त्यांस असे दिसले की, विद्यार्थी कागदावरील स्वर बिनचूक वाजवितात, तरी त्यांची लय डळमळते. आणि तेच विद्यार्थी रस्त्याने मात्र अगदी सारख्या पावलांनी चालतात. त्यांनी विद्यार्थ्यांस बाकांवरून उठविले व वाजत्या संगीताबरोबर चालावयास लाविले. संगीत थांबले की थांबणे, हातांनी ताल देत पायांनी स्वरांची लांबी दाखविणे, हुकूम होताच चाल बदलणे, असे अभ्यास त्यांनी रचले. १९११ साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे त्यांच्या पद्धतीची शाळा निघाली व १९१५ साली जिनिव्हा येथे त्यांची संस्था स्थापन झाली. आज पुष्कळ देशांत लहान मुलांचे संगीत याच रीतीने सुरू होते.

आपल्या महाराष्ट्रातही हा विचार नवा नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता, व त्या पद्धतीत गाणे, खेळ व हातांची हालचाल ही एकत्र असतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालवाडीचे काम आरंभिले व १९५७ पासून ते कोसबाड येथे चालले. अशा बालवाड्यांतून हावभावाची गाणी घरोघर पोहोचली. आणि आपल्या मंडळीच्या गायनाचा पायाच देशी आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात देशी चालींवर गीते रचली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग व ओवी ही पायी चालणाऱ्यांची व दळणाऱ्यांची छंदे प्रभूच्या सेवेस लाविली. जी छंदे चालताना व दळताना वाढली, ती मुलांस केवळ बसवून शिकवू नयेत.

४. सहा पाठ

प्रत्येक पाठ शब्बाथशाळेच्या आरंभी पंधरा मिनिटे घ्यावा. एक पाठ पक्का झाल्यावाचून दुसरा घेऊ नये. एकास दोन आठवडे लागले तरी चिंता नाही. साहित्य म्हणून एक काठी व एक पाट पुरे. मुले अनवाणी असावीत. खाली दुसरे बिऱ्हाड असेल तर सतरंजी अंथरावी व पाय आपटण्याऐवजी टाच हलकेच दाबावी.

पहिला पाठ: चाल. मुलांस गोलात चालावयास सांगावे. प्रथम आपण काही वाजवू नये. त्यांचे पाऊल पाहावे. मग त्यांच्याच पावलांबरोबर पाटावर काठी वाजवावी. लहान मुलाचे पाऊल मोठ्याच्या पावलाहून जलद असते, म्हणून शिक्षकाने आपली चाल मुलांवर लादू नये. प्रथम शिक्षकाने मुलांच्या मागे जावे. ती स्थिर झाली म्हणजे ती आपोआप शिक्षकाच्या मागे येतात. काठी थांबली की सर्वांनी जागच्या जागी उभे राहावे. हे जमले की उलट करावे: काठी थांबली तरी मुलांनी आठ पावले मनात मोजून चालत राहावे, व नवव्या पावलावर काठी पुन्हा पडावी. त्या वेळी किती पाय काठीबरोबर पडले हे पाहून शिक्षकास आपल्या वर्गाची स्थिती कळेल.

दुसरा पाठ: सम व खाली. आता आठ पावलांची गणती शिकवावी. पहिल्या पावलावर टाच दाबून टाळी द्यावी; ही सम. पाचव्या पावलावर टाळी न देता तळहात वर करून हात बाजूला न्यावा, ही खाली. हाच केरवा. त्याचे बोल तोंडाने म्हणत चालावे: धा गे ना ति, न क धि न. केरवा पायांत बसल्यावर दादरा घ्यावा. त्याच्या मात्रा सहा, बोल धा धी ना, धा ती ना; टाळी पहिलीवर व खाली चौथीवर. दादऱ्यात मुलांनी चालण्याऐवजी झोपाळ्याप्रमाणे झुलावे: पहिल्या तीन मात्रा उजवीकडे, पुढच्या तीन डावीकडे. केरव्यात मनुष्य चालतो व दादऱ्यात झुलतो, एवढा भेद कळला तरी आपल्या पुष्कळ गीतांचा ताल मुलांस ऐकताच ओळखता येईल.

तिसरा पाठ: एकपट व दुप्पट. बाप व मूल हात धरून बाजारास निघाले आहेत असे समजावे. बाप एक पाऊल टाकतो तेव्हा मूल दोन टाकते. तरी दोघे एकाच रस्त्याने बरोबर जातात. अर्ध्या मुलांस बाप करावे, अर्ध्यांस मूल. मग अदलाबदल करावी. पुढे एकाच मुलाने पायांनी बापाची चाल व टाळ्यांनी मुलाची चाल दाखवावी. येथे बहुतेक वर्ग गोंधळतो व हसू पिकते. हसू द्यावे. लयीत घाई म्हणजे काय व दुप्पट म्हणजे काय, हे वेगळे कळणे हा या पाठाचा हेतू आहे. दुपटीत चाल तीच राहते. घाईत रस्ताच सुटतो.

चवथा पाठ: विराम. आठ मात्रा चालावयाच्या, पण चौथीला पाऊल टाकावयाचे नाही; पाय अधांतरी धरून ती मात्रा मनात म्हणावयाची. मग चौथी व सातवी, अशा दोन सोडाव्या. आपल्या मंडळ्यांत गायन बहुधा येथेच मोडते: ओळ संपली की जो तो आपल्या सोयीने श्वास घेतो व आपल्या सोयीने पुढची ओळ धरतो. विराम ही रिकामी जागा नव्हे, तोही गीताचा भाग आहे, हे ज्या मुलाने एका पायावर उभे राहून शिकले ते जन्मभर विसरणार नाही.

पाचवा पाठ: शब्दांची पावले. मराठी शब्दांत लघु अक्षराची एक मात्रा व गुरू अक्षराच्या दोन. लघूला आखूड पाऊल व गुरूला लांब पाऊल टाकून मुलांनी शास्त्रातील नावे चालावी. मरिया: आखूड, आखूड, लांब. मार्था: लांब, लांब. दावीद: लांब, लांब, आखूड. मग प्रत्येकाने आपले नाव चालून दाखवावे व इतरांनी ते ओळखावे. ज्या मुलाचे नाव घरी कोणी प्रेमाने घेत नसेल, त्याच्या नावाची पावले सर्व वर्ग टाकतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. या पाठाचा दुसरा उपयोग असा की, परदेशी चालीवरील गीतांत कधी कधी ठोका लघु अक्षरावर पडून शब्द ताणला जातो. असे गीत शिकविण्यापूर्वी त्याचे शब्द एकदा चालून घ्यावे, म्हणजे कोठे सांभाळावे हे मुलांस समजते व अर्थ बिघडत नाही.

सहावा पाठ: पाऊल आत नेणे. सर्वांच्या ओळखीचे एक गीत घ्यावे. पहिले कडवे चालत व टाळी देत म्हणावे. दुसरे उभे राहून केवळ टाळीने. तिसरे बसून, गुडघ्यावर एका बोटाने. चौथे अगदी स्वस्थ बसून. चौथ्या कडव्यात चाल पहिल्यासारखीच राहिली तर पाठ साधला. पाय थांबतात, पण लय थांबत नाही. ती आत गेली आहे. उपासनेत मुलाने हेच बरोबर न्यावयाचे आहे. आपण मुलांस हालवितो ते ती सदा हालत राहावी म्हणून नव्हे. त्यांस खऱ्या अर्थाने स्वस्थ बसून गाता यावे म्हणून हालवितो.

जे मूल मागे पडते त्यास वर्गापुढे चुकवून दाखवू नये. त्यास दोन स्थिर मुलांच्या मध्ये उभे करावे. तरीही न जमले तर त्यालाच पुढारी करावे: तो जसा चालेल तसे सर्वांनी चालावे. आपल्या चालीला कोणी मान दिला असे पाहताच अशा मुलाचे पाऊल बहुधा स्थिर होते. पायाने अधू असलेल्या मुलाच्या हाती काठी द्यावी व वर्गाची चाल त्याच्या स्वाधीन करावी. ज्यास ऐकू येत नाही त्याचा तळहात पाटावर ठेवावा. ठोका त्याच्या हाडांत जाऊन पोहोचतो.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा: हे नाचणे आहे, आणि नाच देवाच्या घरात नको. यास उत्तर वर दिले आहे. त्याउपर ज्या वडिलांस हे खटकेल त्यांचा आदर करून हे पाठ उपासनेच्या वेळी न घेता शब्बाथशाळेत घ्यावे, व सहाव्या पाठास त्या वडिलांस बोलावावे. मुले स्वस्थ बसून एका चालीने गाताना त्यांनी ऐकली म्हणजे वादाचे कारण फारसे उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, व तो बहुधा मुखाने बोलला जात नाही. आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या पूर्वजांस गावात हलगी वाजविणे हे हौसेचे काम नव्हते. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, हुकूम येताच जाऊन दाराबाहेर उभे राहून वाजवावे लागे. आणि वाजविणाऱ्याची पंगत वेगळी बसे. प्रभूने त्या बंधनातून सोडविल्यावर आजोबांनी हलगी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही. अशा घरच्या वृद्धास मंदिरात ठेका ऐकून दुःख झाले तर त्याला मागासलेला म्हणू नये. त्याच्या मौनाचे मोल मोठे आहे. मात्र त्याच्याजवळ बसून एवढे विचारावे की, बाबा, बंधन कशात होते, चामड्यात की हुकुमात? ज्या हातांनी दुसऱ्याच्या दारी वाजविले ते हात देवाने निर्मिले, व त्या हातांतील विद्याही त्यानेच दिली. हुकूम गेला; विद्या का जावी? तो वृद्ध स्वतः मुलांस एखादा ठेका दाखविण्यास उठला, तर त्या दिवशी शिक्षकाने आपली काठी खाली ठेवावी व त्याच्यापुढे शिष्य होऊन बसावे. तो न उठला तरी चालेल. टाळी व पाऊल ही कोणाच्या ताबेदारीची खूण नाहीत. ती प्रत्येक लेकरास जन्मतः मिळाली आहेत, आणि म्हणूनच आम्ही या पाठांत वाद्य ठेविले नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा आहे: आता विजेवर चालणारे तबल्याचे यंत्र मिळते, कळ दाबली की ठेका सुरू होतो; मग एवढा खटाटोप कशाला? यंत्राचा ठेका सारखा असतो हे खरे. घरी अभ्यासास ते उपयोगी आहे. परंतु या पट्ट्यातील आपल्या बांधवांस यंत्राचा स्वभाव सांगावयास नको. ज्यांनी आठ तास प्रेसच्या ठोक्यासमोर उभे राहून काम केले आहे त्यांस ठाऊक आहे की, यंत्र कोणासाठी थांबत नाही. हात मागे राहिला तर हाताचेच नुकसान होते. मंडळीची लय तशी नाही. वृद्ध भगिनीस दम लागला तर चांगला ठेकेदार किंचित संथ होतो व सर्व मंडळी तिच्याबरोबर संथ होते. लेकरे आनंदात आली तर सर्वांचे पाऊल थोडे हलके होते. सारखेपणा यंत्रातही आहे. एकमेकांकरिता थांबणे मनुष्यातच आहे. पौलाने करिंथकरांस भोजनास जमताना एकमेकांची वाट पाहावयास सांगितले (१ करिंथ ११:३३). गायनासही तोच नियम लावावा.

येथे या पाठाचे सार येते. आपल्या मुलांचे बाप पाळीवर जातात. कोणी रात्री, कोणी पहाटे. घराचा दिवस कारखान्याच्या भोंग्याने ठरतो. एका घरात चार माणसे चार वेळांनी जेवतात. अशा घरचे मूल आठवड्यातून एकदा तरी दहा जणांबरोबर एक पाऊल टाकते, एका विरामात थांबते, व एका श्वासाने पुढची ओळ धरते, तेव्हा ते संगीताहून अधिक काही शिकते. मंडळी म्हणजे काय हे त्यास व्याख्यानावाचून कळते. एक अवयव दुखावला तर सर्व अवयव दुखावतात, हे वचन (१ करिंथ १२:२६) त्याच्या पायांनी आधी वाचलेले असते.

तेव्हा, उपदेशकबंधूंनो, पेटी नाही, तबला नाही, गाणारे कोणी नाही, म्हणून थांबू नका. येत्या शब्बाथी मुलांस उठवा, गोलात उभी करा, आणि त्यांचे पाऊल ऐका. ज्याने त्यांच्या छातीत पहिला ठोका घातला तो तुमच्या कामास यश देवो.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. लय व ताल यांत भेद काय? आपल्या बोलण्यातील उदाहरण द्या.
२. १ इतिहास २५:८ यात गुरू व शिष्य यांच्याविषयी काय सांगितले आहे? आपल्या शब्बाथशाळेस ते कसे लागू करावे?
३. केरवा व दादरा यांच्या मात्रा किती? सम व खाली कोठे येतात? चालून दाखवा.
४. मरिया, मार्था, दावीद यांप्रमाणे आपल्या वर्गातील पाच मुलांची नावे लघु-गुरू पाहून चालून दाखवा.
५. आपल्या मंडळीतील एखाद्या वृद्धास वाद्याचा ठेका ऐकून दुःख होत असेल तर त्यास कोणत्या शब्दांनी भेटाल?
६. मंडळीच्या लयीत व यंत्राच्या लयीत अंतर काय? या आठवड्यात आपण कोणाकरिता थांबावयास हवे?